गंगेत ओकायचं नाही

मामाच्या घरी मला कोणी कधी उपाशी ठेवलं नाही, हे आधी लिहून टाकते. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की माझे हाल होत होते म्हणून मी तशी वागले. हाल झाले नाहीत. वडील वालूरच्या खाजगी शाळेत मास्तर होते, म्हणून मुलगी असूनही मला तिसरीपर्यंत शाळेत बसता आलं. ते तापानं गेले. आई दोन धाकट्या भावांना घेऊन चुलत्यांच्या घरात राहिली आणि मला मामा घेऊन आला. बैलगाडीनं दोन दिवस लागले. पाथरीला एका सोयऱ्याच्या ओसरीवर मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दिवस कलताना गंगाकाठच्या त्या गावात उतरलो. आमच्याकडं गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तिथं शाळा नव्हती. पाटीपुस्तक मी गाठोड्यात आणलं होतं, ते मामीनं पाहिलं आणि काही न बोलता देवळीत वर ठेवून दिलं. शाळा सुटली ती तिथंच.

मामा गावचा पोलीस पाटील. अंगानं आडवा, आवाजानं मोठा, पण मला कधी 'अगं' सोडून 'काय गं' म्हणाला नाही. मामी सकाळी जात्यावर बसली की मला शेजारी बसवायची आणि खुंट्याला माझाही हात लावून घ्यायची. ताटात भाकरी टाकताना स्वतःच्या पोरांच्या आधी माझ्या ताटात टाकायची. अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार, बाजूला ठेचा. "खा गं शेवंते, परक्यावानी काय बघायलीस?" असं रोज म्हणायची. आणि मी रोज परक्यासारखीच बघायची. सांडू नये, फुटू नये, कुणाला जड होऊ नये, या धाकात माझे ते दिवस गेले. वालूरहून निघताना आईनं एवढंच सांगितलं होतं, "नावं ठिवायला जागा देऊ नको. तिथनं माघारी पाठवलं तर कुठं जाशील?" ते वाक्य मी पोलक्याच्या गाठीत बांधल्यासारखं जवळ बाळगलं.

त्या साली धोंड्याचा महिना ऐन श्रावणात आला होता. मामाच्या थोरल्या मुलीचं, सोनाताईचं, लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. म्हणजे जावयाचा पहिला धोंडा. रीतीप्रमाणं जावयानं सासुरवाडीला यायचं, पुरणाचे धोंडे जेवायचे, तेहतीस अनारशांचं वाण घ्यायचं. पण जावई बैल धरताना पडला आणि त्याचा पाय मोडला. त्याच्या आईनं निरोप धाडला, "पोराला येता येत न्हाई. पण वाण चुकवू नका. पहिलं हाय." निरोपात 'चुकवू नका' हा शब्द दोनदा होता असं निरोप्या म्हणाला. मामीनं तो दोनदा मनावर घेतला. सोनाताईची सासू कडक होती. लग्नातल्या मानपानावरून तिनं आधीच तोंड वाकडं केलेलं होतं.

मग घरात अनारशांची धांदल सुरू झाली. तांदूळ तीन दिवस भिजले, रोज त्यांचं पाणी बदललं, सावलीत धोतरावर वाळवले, उखळात कुटले. कुटताना मामी आणि तिची जाऊ आळीपाळीनं मुसळ मारायच्या आणि त्या धपधपीत दाराबाहेरच्या गंगेचा आवाजही बुडून जायचा. पीठ गुळात मळून मडक्यात दडपून ठेवलं. तळायच्या दिवशी सगळं सोवळ्यात. मामी ओल्या लुगड्यानं चुलीपाशी, मी उंबऱ्याच्या अलीकडं. तुपात एखादा अनारसा विरघळून पसरला की मामी म्हणायची, "हसला मेला!" आणि स्वतःच हसायची. तसे हसलेले आम्हा पोरांना मिळायचे. पण त्या दिवशी एकही हसला नाही. तेहतीसच्या तेहतीस नीट जाळी पडून, खसखस चिकटून, परातीत उतरले. पितळेची मोठी परात, तळाला केळीचं पान, वर पांढरं धुतलेलं फडकं.

मामीच्या माहेरची रीत अशी होती की वाण कुमारिकेनं न्यायचं. तिनं निरंकार उपाशी राहायचं, वाण जावयाच्या हातात पडेपर्यंत पाणीसुद्धा नाही. आणि परात वाटेत कुठं टेकवायची नाही. डोक्यावर नाहीतर मांडीवर. घरात त्या वयाची मीच होते. मला काय वाटलं म्हणून सांगू? इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या घरचं काहीतरी माझ्यावाचून अडलं होतं.

काळ्या रानातला चिखल असा होता की गाडीचं चाक आसापर्यंत रुतत होतं. सोनाताईचं गाव पलीकडच्या काठाला, बरंच खाली. म्हणून मामानं ठरवलं, नावेनंच जायचं, प्रवाहाबरोबर, अर्ध्या दिवसात. मी कधी नावेत बसले नव्हते. मामीनं आदल्या दिवशी विचारून पाहिलं, "गाडीत मळमळतं का गं तुला?" मी नाही म्हणाले. खरं तर वालूरहून येताना मी पाथरीपर्यंत दोनदा गाडीमागं उतरून ओकले होते. गाडीवान आणि मामा पुढं बसलेले, कुणाला कळलं नव्हतं. मामीनं तरी खबरदारी म्हणून पहाटे माझ्या बेंबीभोवती हिंगाचा लेप दिला, कपाळाला भस्म लावलं आणि बजावलं, "आन् एक ध्यानात ठिव. गंगा हाय ती. तिच्यात थुंकायचं न्हाई, चूळ टाकायची न्हाई. मळमळलं तर डोळे मिटून देवाचं नाव घे. गंगेत ओकायचं न्हाई. सात पिढ्यांचं पाप लागतं."

नावाडी रखमाजी भोई. नाव गावची होती, म्हणजे पाटलाच्या शब्दावरची. ती वल्हवायचा मान रखमाजीच्या घरात बापापासून चालत आलेला. वाळक्या लाकडासारखा माणूस, डोळे बारीक, बोलणं थट्टेचं. एके काळी तो शिंदी प्यायचा. पिऊन नाव सोडली आणि कुणाची बैलजोडी मधोमध बुडाली, तेव्हा गावानं त्याला काढूनच टाकलं होतं. मग त्यानं चावडीपुढं पाटलाच्या पायावर हात ठेवून, गंगेची आन घेऊन शिंदी सोडली आणि मामानं सगळ्यांचा विरोध असताना नाव पुन्हा त्याच्या हातात दिली. त्या गोष्टीला पुष्कळ पावसाळे झाले होते. तरी गावात कुणाचं सामान ओलं झालं की एखादा म्हणायचाच, "रखमाजी, आज काय, शिंदीखालून आलास काय?" तो हसायचा. पण मामाकडं बघून घ्यायचा.

नावेत आम्ही चौघं. पुढं टोकाला रखमाजीचा पुतण्या मारुती, आमच्याकडं पाठ करून उभ्यानं वल्हं मारणारा. त्याच्या मागं घोंगडी पांघरून मामा. मागच्या टोकाला सुकाणूपाशी रखमाजी आणि त्याच्या पुढ्यातल्या फळीवर मी, मांडीवर परात.

"काय खाल्लंस का, माय?" रखमाजीनं बसतानाच विचारलं.

"उपास हाय."

"मंग लागंल तुला नाव. रिकाम्या पोटाला लय झोका बसतो. चतकोर कोरडी भाकर खाऊन यावं मानसानं. भरपेट न्हाई, तुपकट न्हाई. कोरडी."

"रखमाजी, घरची रीत हाय ती," मामा पुढून म्हणाला. "तू तुझी नाव बघ."

"नावंला रीत कुठं कळती, मालक? मंग निदान तिला मधी तरी बसवा. टोकाला लय हालतं."

"मधी पाणी साचलंय तळाला. वाण हाय ते. फळीवरच बसू दे."

"बसू द्या," रखमाजी म्हणाला आणि त्यानं बांबूनं काठ ढकलला.

सुरुवातीला मला गंमत वाटली. काठावरची धुणी धुणारी बाई लहान होत गेली. पुलासारखं काही तेव्हा नव्हतंच. सगळीकडं गढूळ पाणी आणि त्यावर वाहून चाललेल्या काड्या, फेस, मधूनच एखादी आख्खी फांदी. मामा थोड्या वेळानं घोंगडीत डुलक्या घेऊ लागला. मग नदीनं वळण घेतलं आणि वारा आडवा आला. नाव आता पुढं जाण्यापेक्षा वरखालीच जास्त होऊ लागली. माझ्या कानामागं गार घाम आला. तोंडात पाणी सुटायला लागलं, गिळलं की पुन्हा सुटायचं. मांडीवर परात, परातीतून तूप आणि गूळ यांचा वास, आणि परात सांडू नये म्हणून माझी मान सारखी खाली, थेट त्या वासात. मी डोळे मिटले. मिटल्यावर तर सगळं आतच फिरायला लागलं.

"डोळे उघड, माय," रखमाजी हळूच म्हणाला. त्यानं केव्हाच ओळखलं होतं. "मिटलंस की गेलीस. ती पल्याडची चिंच दिसायली का? तिच्याकडं बघ. पाण्याकडं बघू नको. पाणी पळायलंय आन् तुझं डोस्कं त्याच्या मागं पळायलंय. चिंच कुठं जात न्हाई."

मी चिंचेकडं बघितलं. खरंच जरा थांबल्यासारखं झालं. त्यानं कनवटीतून आल्याचा तुकडा काढला, मीठ लावलेला. मी मान हलवली, उपास. "बरं," तो म्हणाला, आणि लिंबाची दोन पानं चुरगाळून लांबूनच माझ्या नाकापुढं धरली. "वासानं तर उपास मोडत न्हाई की? का त्याचीबी रीत हाय तुमच्याकडं?" मला हसू आलं. त्या हसण्यानंही थोडं बरं वाटलं. मग तो म्हणाला, "मानंवर गार पाणी मार," पण माझे दोन्ही हात परातीला. तेव्हा त्यानं काय केलं, तर सुटं वल्हं पाण्यातून वर काढलं आणि त्याच्या टोकाचं पाणी थेंबथेंब माझ्या मानेवर पडू दिलं. वाणाला नाही, मला नाही, कशालाही त्याचा हात लागू दिला नाही. त्या थेंबांचा गारवा मला अजून आठवतो. आता वय इतकं झालं की कालचं जेवण आठवत नाही.

इथं, लेकाच्या घरी, गॅलरीतून बोटींचा धक्का दिसतो. सुट्टीच्या दिवशी माणसं हौसेनं समुद्रात फेरी मारून येतात आणि निम्मी हिरवीपिवळी होऊन उतरतात. आता गोळ्या मिळतात म्हणे. तरी शेजारपाजारच्या बायका निघायच्या आधी माझ्याकडं येतात. मी सांगते, कोरडं थोडं खाऊन जा, मध्यभागी बसा, लांबच्या न हलणाऱ्या वस्तूकडं बघा, आलं-मीठ जवळ ठेवा, मानेला गार पाणी लावा. त्यांना गुण येतो. "आजी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" असं विचारतात. मी म्हणते, "आमच्याकडची जुनी रीत आहे." इतक्या वर्षांत त्या माणसाचं नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. लाज ही अशी चिवट वस्तू असते का, की मीच तिला जपून ठेवली, कोण जाणे.

तर, चिंच मागं पडली. पुढं काठ सपाट होता, बघायला काही नाही. नाव एकदा उचलली गेली आणि आदळली आणि माझ्या पोटातलं, म्हणजे रिकाम्या पोटात जे काही कडू हिरवं असतं ते, घशाशी आलं. बाजूला नुसतं तोंड वळवायचं होतं. वीतभर. काठाबाहेर सगळी गंगा पसरलेली. पण डोक्यात मामीचा आवाज घुमला, सात पिढ्या. मी ओठ दातात धरले. तोंड आत वळवलं. आत परात होती.

फडकं भिजलं, त्याच्या खाली सगळं भिजलं. मी ओरडलेसुद्धा नाही. परात हातात तशीच धरून रखमाजीकडं बघत राहिले. त्यानं पुढं बघितलं, मामा घोरत होता, मारुतीची पाठ होती. मग त्यानं सुकाणू काखेत दाबलं आणि परात माझ्या हातातून घेतली.

"गप. रडू नको. व्हतं असं. थोरामोठ्यांना व्हतं."

त्यानं परात नावेबाहेर नेऊन पाण्यात बुडवली. तेहतीस अनारसे, तीन दिवस भिजलेले तांदूळ, मामीची कंबर, सगळं तपकिरी पाण्यात गोल फिरत गेलं. फडकं पिळलं. परात विसळली. मग ओंजळीनं माझ्या परकरावर, पोलक्यावर पाणी मारलं, मी चिंब होईपर्यंत. "लाट आली म्हनायचं. गंगामाईनं वाण घेतलं. तिच्याच काठचे आपण, घेतलं तर घेतलं. मी सांगतो मालकाला, तू बोलूबी नको." आणि आल्याचा तो तुकडा आणि मूठभर फुटाणे माझ्या हातात कोंबले. "आधी हे खा. आता कशाचा उपास?"

मी खाल्ले. हे लिहिताना हात थांबतो, पण खाल्ले, आणि ते इतके चांगले लागले की मी परातीचा विचारही थोडा वेळ विसरले. पोट शांत झालं, डोकं हलकं झालं. त्या शांत पोटानं मी ऐकलं, रखमाजी जोरात ओरडत होता, "मालक! अहो मालक! लाट आली हो! वाण गेलं!"

मामा दचकून उठला. त्यानं रिकामी परात बघितली. मग रखमाजीला शिव्या दिल्या, पण त्या नेहमीच्या, पोटातून नसलेल्या. रखमाजी मान खाली घालून म्हणत होता, "चुकलं मालक. माझी नजर चुकली." मला वाटलं, झालं, इतक्यावरच भागलं.

काठाला उतरल्यावर मामानं मला बाभळीखाली बाजूला घेतलं. त्याचा आवाज बारीक होता. तसा मी कधी ऐकला नव्हता. म्हणाला, "शेवंते, मला खरं सांग. मी झोपेत व्हतो, पर इतका बी न्हाई. एवढी लाट आली आन् माझी घोंगडी कोरडी? मारुतीचं धोतर कोरडं? तुलाच कशी लागली?"

मी परकराचा ओला काठ पिळत राहिले.

"परात तुझ्या हातनं पडली का?"

इथं सांगायचं होतं. इथं सगळं सोपं होतं. पण मला पाटीपुस्तक दिसलं देवळीत, आईचं ते वाक्य ऐकू आलं, आणि मी नाही म्हणून मान हलवली.

मामा वळून नावेकडं बघत राहिला. रखमाजी नाव खुंट्याला बांधत होता. "मंग यानंच काहीतरी केलंय," मामा पुटपुटला. "नाव कलवली आसंल. पुन्हा प्यायला लागलाय का काय हा? शेवंते, त्याच्या तोंडाला वास येत व्हता का?"

मला कुणी मारत नव्हतं. धमकावत नव्हतं. मामानं फक्त विचारलं, आणि त्याच्या विचारण्यातच मला बाहेर पडायला दार दिसलं. रखमाजीनं मला लाटेचं खोटं दिलं होतं. शिंदीचं खोटं त्यानं दिलं नव्हतं. ते माझं.

"येत व्हता," मी म्हणाले.

सोनाताईच्या अंगणात सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. परात बघून त्यांनी ताट खाली केलं. "पाटील, आमच्याकडं धोंड्याला तेहतीस मोजत्यात. तुमच्याकडं शून्यापासून मोजत्यात का?" आत बाजेवर पाय बांधून पडलेल्या जावयाला हसू फुटलं आणि ते त्यानं खोकल्यात लपवलं. सोनाताई दाराआड होती. तिचा चेहरा मला अर्धाच दिसला, तेवढा पुरे झाला. मामा चार माणसांत उभा राहून म्हणाला, "विहीणबाई, दोष आमच्या घराचा न्हाई. नावाडी पिलेला व्हता. त्यानं नाव कलवली. वाण आठ दिसांत दुसरं यील, आन् त्या नावाड्याचं मी बघतो." सासूबाईंचा आवाज त्यावर मऊ झाला. "दारुड्याच्या हातात कशाला द्यावं मग वाण?" म्हणाल्या, आणि सोनाताईला हाक मारून मामाला पाणी द्यायला लावलं. म्हणजे माझ्या त्या दोन शब्दांनी सोनाताईची वेळ निभावली. हेही खरं आहे, आणि पुढं बरीच वर्षं मी याच खऱ्याचा आधार घेत आले.

रखमाजीला मामानं तिथूनच परत पाठवलं. आम्ही वरच्या अंगाला दुसऱ्या उतारावरून, तिथल्या नावेनं गंगा ओलांडून, चिखल तुडवत, दोन दिवसांनी घरी पोचलो. पोचल्यापोचल्या मामानं चावडीवर गाव जमवलं. मी पाणी भरायच्या निमित्तानं तिकडून गेले. रखमाजी उभा होता. "मालक, मी पिलो न्हाई. लाटंचं माझ्या माथी मारा, पर ते न्हाई. गंगेची आन." कुणीतरी मागून म्हणालं, "गंगेचीच आन मागच्या येळेलाबी घेतली व्हतीस." माणसं हसली. नाव मारुतीच्या हवाली केली. रखमाजीनं वल्हं खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवलं, टाकलं नाही, ठेवलं, आणि निघून गेला.

त्या दुपारी मी मामीला सगळं सांगितलं. मामी तांदूळ निवडत होती, दुसऱ्या वाणाचे. तिचे हात थांबले. मला वाटलं आता मारणार, माघारी पाठवणार. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. सुपातले तांदूळ पुन्हा एकदा पाखडले. मग म्हणाली, "वाणावर वकलीस हे तिकडं कळलं तर माझ्या पोरीला जलमभर ऐकावं लागंल. आन् तुझ्या मामानं चार लोकांत सांगितलंय. त्येचा शब्द खाली पडंल. तू कुणाला बोललीस का?"

"न्हाई."

"मंग बोलू नको." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुला निरंकार धाडली, माझंबी चुकलंच." संध्याकाळी माझ्या ताटात तिनं दही जास्त घातलं. मी खाल्लं. त्या घरात मला प्रेमच मिळालं, आणि त्या प्रेमानंच माझं तोंड बंद केलं, असं लिहिलं तर ते मामीवर ढकलल्यासारखं होईल. तोंड माझं होतं.

चारपाच दिवसांनी मी घागर घेऊन गंगेवर गेले तर रखमाजी काठावर दगडावर बसलेला. मारुती पलीकडं माणसं घेऊन चालला होता आणि हा नुसता बघत होता. मला वाटलं आता हा विचारणार, का असं केलंस. मी घागर भरायचीही थांबले.

"पोट बरं हाय का, माय?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"मला एक सांग. तू तिथंच व्हतीस. मालकाला शिंदीचं कोनी सांगितलं?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. माझ्यावर त्याचा संशयसुद्धा नव्हता. ज्या पोरीच्या मानेवर आपण पाणी शिंपडलं ती असं करेल, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

"मला ठावं न्हाई," मी म्हणाले.

तो पाण्याकडं बघत राहिला. मारुतीची नाव आता पलीकडं लागत होती. "नावंत आपण चौघंच," तो सावकाश म्हणाला. "मी न्हाई, तू न्हाई." मग उठला, धोतर झटकलं आणि चालायला लागला. मला समजलं तो काय समजला ते. हाक मारायला फार दूर गेला नव्हता. मी वाकून घागर भरली.

भोयांच्या त्या घरात चुलतापुतण्या एकत्र जेवायचे. रखमाजीला मूल नव्हतं, मारुतीला त्यानंच वाढवलेला, पोहायला, वल्हवायला त्यानंच शिकवलेला. आठवडाभरात अंगणात मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. कशावरून बिनसलं हे गावात प्रत्येकजण वेगवेगळं सांगायचा. मारुती म्हणे रडून रडून सांगत होता की मी बोललो नाही, आणि रखमाजी म्हणे ऐकून घेत होता आणि भिंतीला शेण लावत होता.

भिंत झाली त्या दिवशी सकाळी रखमाजीची बायको आमच्या दारात आली. हातात फुटकं खापर. मामी आत न्हात होती, मी चुलीपाशी.

"पाटलीनबाई न्हाईत का? इस्तू पायजे व्हता," ती म्हणाली. "आजपासून चूल येगळी मांडली. त्यांच्या चुलीतला घेऊ न्हाई म्हनत्यात आमचे."

मी चिमट्यानं निखारे काढले. चांगले मोठे, पेटलेले बघून काढले. तिच्या खापरात राख घालून त्यावर ठेवले. तिनं पदरानं खापर धरलं, तोंडाजवळ नेऊन एक फुंकर मारली आणि निखारे लाल झाले तसं माझ्याकडं बघून म्हणाली, "सुखी ऱ्हा, माय. चांगल्या घरी पडशील."

मी चांगल्याच घरी पडले.